‘10 गिगाबिट लावा, बॅकअप पळेल’: जीएफएस 2 वर हे का चालत नाही

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या सिस्टिम ॲडमिनांमध्ये एक सल्ला सारखा फिरतो: क्लस्टरच्या (एकत्र काम करणाऱ्या मशीनच्या) सामायिक फाइलसिस्टिमचा बॅकअप रात्रीत उरकत नसेल तर नेटवर्क 10 गिगाबिट करा, इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या फाइलींचा बॅकअप) लावा आणि सगळा बॅकअप एका वेगळ्या नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या वेगळ्या मशीनवर टाका. जीएफएस 2 वर, म्हणजे अनेक नोड एकच डिस्क वापरतात त्या लिनक्स फाइलसिस्टिमवर, बारीक फाइलींचा ढीग असेल तर यात पैसे जातात, रात्र वाचत नाही.

आधी नेटवर्कचा हिशेब. 4 केबीच्या 1 कोटी फाइली म्हणजे 40 जीबी. 1 गिगाबिटवर सेकंदाला 110 एमबी धरले तर सहा मिनिटांचं काम. पण प्रत्येक फाइल शोधणं, लॉक (ती वापरायची परवानगी) मागणं, उघडणं, वाचणं, बंद करणं यात 3 मिलिसेकंद गेले, तर 30,000 सेकंद होतात, म्हणजे 8 तास 20 मिनिटं. नवा स्विच त्यातली साडेपाच मिनिटं वाचवेल. एमआयडीसीच्या गेटवर प्रत्येक पुड्याला वेगळा गेटपास लागत असेल, तर मोठा ट्रक आणून काय उपयोग? खात्री करायची तर फाइंड कमांडने प्रत्येक फाइलचा आकार नल डिव्हाइसवर (जिथे लिहिलेलं टाकून दिलं जातं) छापा आणि वेळ मोजा. पहिल्याच फेरीचा आकडा धरा, दुसरी फेरी कॅशमुळे फसवते.

इन्क्रिमेंटलने डेटा कमी वाहतो, एवढंच. काय बदललं हे कळायला आरसिंक (फाइली कॉपी करणारं साधन) प्रत्येक फाइल स्टॅट करतोच, म्हणजे तिचा आकार आणि वेळ तपासतो.

वेगळ्या नोडचा सल्ला मात्र सरळ नुकसान करतो. ज्या नोडने फाइल लिहिली, त्याच्याकडे तिचा एक्स्क्लुझिव्ह, म्हणजे एकट्याचा लॉक असतो. बॅकअप नोडने नुसतं स्टॅट केलं तरी पहिल्याला जर्नल (बदलांची नोंदवही) आणि साचलेला डेटा डिस्कवर उतरवून लॉक सामायिक पातळीवर खाली आणावा लागतो. हे लाखो वेळा होतं. सकाळी ॲप्लिकेशन लिहायला लागलं की तेच लॉक बॅकअप नोडकडून परत ओढावे लागतात, आणि ‘आज सिस्टिम स्लो आहे’ असे फोन सुरू होतात.

म्हणून डिरेक्टऱ्या वाटून घ्या. जो नोड ज्या डिरेक्टरीत दिवसभर लिहितो, त्यानेच तिचा बॅकअप घ्यावा, सगळ्यांनी एकाच वेळी. माउंटला (फाइलसिस्टिम जोडताना) नोएटाइम पर्याय लावा, नाहीतर वाचतानाही वेळेची नोंद लिहायला एक्स्क्लुझिव्ह लॉक लागू शकतो. वेगळा नोड टाळता येत नसेल, तर बॅकअप संपताच त्याच्यावर ड्रॉप-कॅशेसमध्ये (कॅश रिकामी करणाऱ्या कर्नलच्या सेटिंगमध्ये) 3 लिहा. लॉक सुटतात, सकाळ हलकी जाते.

सगळ्यात चांगला मार्ग सॅनवरच्या (सामायिक स्टोरेज नेटवर्कवरच्या) स्नॅपशॉटचा, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीचा. एफएसफ्रीझ कमांडने फाइलसिस्टिम गोठवा, स्नॅपशॉट घ्या, लगेच सोडा. तो क्लस्टरबाहेरच्या मशीनला दाखवून लॉक-नोलॉक (इतर नोडशी लॉक न जुळवणाऱ्या) प्रोटोकॉलने माउंट करा. इथे एलयूएनचा (सॅनवरच्या डिस्कचा) नंबर दोनदा तपासा. स्नॅपशॉटऐवजी चालू एलयूएन लॉक-नोलॉकने माउंट झालं, तर बाकीच्या नोडना त्याचा पत्ताही लागत नाही आणि फाइलसिस्टिम बिघडते. स्नॅपशॉटवर एलव्हीएमची (लिनक्समधल्या डिस्क-व्यवस्थापनाची) ओळखही मूळचीच असते. म्हणून तो क्लस्टरच्या कुठल्याही नोडला दिसता कामा नये.