नागिणीच्या लशीचा दुसरा डोस

ज्येष्ठांच्या लसीकरणावरील या लेखात फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींची माहिती नीट आली आहे. नागिणीचा विषय मात्र एका ओळीत आटोपला आहे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत सुप्त राहतो आणि उतारवयात प्रतिकारशक्ती घटली की नागीण होऊन उठतो. माझ्या आईच्या बरगडीवरचे फोड तीन आठवड्यांत सुकले, पण पुढे वर्षभर तिला त्या जागी पोलक्याचा स्पर्शही सोसवत नव्हता. वयाच्या 50 वर्षांनंतर घ्यायच्या या लशीचे दोन डोस 2 ते 6 महिन्यांच्या अंतराने असतात. ती महाग असल्याने (आणि खर्च बहुधा स्वतःच्याच खिशातून असल्याने) दुसरा डोस रेंगाळतो. बाबांची पुढची तारीख आम्ही रक्तदाबाच्या फाइलवरच ठळक लिहून ठेवली आहे.