लसणाच्या तेलाने म्हातारपणचं ऐकू येणं परत येत नाही

‘लसूण जाळलेलं मोहरीचं तेल सात रात्री कानात सोडा, म्हातारपणाचा बहिरेपणा जातो. कानाचं मशीन लावू नका, कान आळशी होतात, मेंदू दुबळा होतो.’ नातेवाइकांच्या ग्रुपवरचा हा मेसेज आमच्या अण्णांनी खरा मानला, म्हणून लिहितेय.

आधी तेल. कानात सोडलेलं तेल पडद्यापाशी थांबतं. वयाने बिघाड होतो तो त्याच्याही आत, गोगलगायीच्या शंखासारख्या कॉक्लियातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींत. त्या एका कानात जेमतेम १५-१६ हजार, आणि मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. अण्णांचं उभं आयुष्य यंत्रमागांवर गेलं. त्या खडखडाटात शेजारच्या मागवाल्याशीही हातवाऱ्यांनी बोलायचं. तिथं झिजलेल्या पेशींना लसूण काय करणार? उलट पडद्याला भोक असेल तर तेल खरंच आत शिरतं. अण्णांच्या पडद्याला जुनं भोक होतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. पळीत लसूण काळा होईपर्यंत तापवलेलं ते तेल, वर कापसाचा बोळा. काही दिवसांत कान वाहायला लागला आणि उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग दिसले.

एवढं मान्य करते की मळ घट्ट बसला असेल तर कमी ऐकू येतं, आणि थेंब टाकून तो मऊ करतात. पण कान तपासून मगच. ‘मला गुण आला’ म्हणणाऱ्यांचा बहुधा मळच निघाला असणार.

मशीनने मेंदू दुबळा होतो म्हणे! २०२३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात कानाच्या मशीनवरची अमेरिकेतली एक चाचणी छापून आली. ७० ते ८४ वयाचे ९७७ जण, तीन वर्षं. सगळे मिळून पाहिलं तर फरक पडला नाही, हेही सांगते. पण ज्यांना बुद्धी घसरण्याचा धोका मुळातच जास्त होता, त्यांच्यात मशीन आणि त्यासोबत मार्गदर्शन मिळालेल्यांची घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. मशीनने घसरण वाढली, असं त्यात कुठंच नाही.

कान आळशी वगैरे काही होत नाहीत. मशीन काढल्यावर सगळं मंद वाटतं, कारण नीट ऐकायची सवय झालेली असते. सुरुवातीला भांड्यांचा आवाज डोक्यात जातो, तेव्हाच लोक मशीन कपाटात टाकतात. तसं न करता सेटिंग पुन्हा करून घ्या.

मेसेज ज्यांनी पुढे ढकललाय त्यांनी तो आजच काढावा. आणि घरातल्या मोठ्यांना सिव्हिलच्या कान-नाक-घसा ओपीडीत नेऊन आधी पडदा बघून घ्या, मग ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं त्याचा आलेख, काढा.