गोडेतेल पाजून गाईचं फॅट वाढत नाही

दूध उत्पादकांच्या ग्रुपांवर एक नुस्खा फिरतोय: गाईला रोज पाव लिटर गोडेतेल आणि मूठभर खाण्याचा सोडा द्या, दोन दिवसांत फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) दोन्ही वाढतं, युरोपात चीजसाठी पाळलेल्या मेंढ्यांनाही तेलच देतात.

मेंढ्यांपासून सुरुवात करू, कारण खरं काही असेल तर तिथंच आहे. खाद्यातल्या वनस्पती तेलानं मेंढीच्या दुधाचं फॅट सहसा घसरत नाही, थोडं वाढतंही. गाईचं तसं नाही. सुटं तेल कोठीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या, मोठ्या पोटात) गेलं की चारा पचवणारे जिवाणू मंदावतात. शिवाय त्या तेलाचं अर्धवट रूपांतर होऊन जी मेदाम्लं तयार होतात, त्यातली काही कासेतली फॅटनिर्मितीच दाबून टाकतात. पेंड जास्त, वैरण कमी अशा गोठ्यात ही घसरण आणखी मोठी. बायपास फॅटची गोष्ट निराळी. ते कॅल्शियमला बांधलेलं असतं, बरंचसं कोठीपोटात न विरघळता पुढं जातं. त्यानं मेंढीचं फॅट वाढतं, पण प्रथिनं बहुधा घटतात, आणि चीज धरतं ते प्रथिनांवर. म्हणून तर फ्रान्समध्ये रोकफोर चीजसाठी पाळलेल्या लाकोन जातीच्या मेंढ्या निवडताना फॅटइतकंच प्रथिनांकडेही बघतात.

एसएनएफ? त्यात फॅट मोजतच नाहीत. प्रथिनं घटली की तेही उतरणार.

सोडा कोठीपोटातली आम्लता मोडतो, एवढंच. पेंडीच्या माऱ्यानं पडलेलं फॅट तो सावरू शकतो. नीट रवंथ करणारी मोठी गाय मात्र दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ गिळते आणि त्या लाळेत किलोभर तरी सोडा आयताच असतो. तिथं तुमची मूठ काय करणार! (दुधात सोडा टाकणं ही सरळ भेसळ, तो विषय वेगळा.)

राहिला ‘दोन दिवसांत फरक’. सकाळी तेल पाजलं आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर फॅट चढलं, म्हणून मंडळी खूश. पण रात्रीचं अंतर मोठं असेल तर सकाळी दूध जास्त, फॅट कमी. संध्याकाळी ते चढणारच. शेवटची धार वासराला सोडलीत तरी आकडा पडतो, कारण सगळ्यात दाट दूध तेच.

फॅट लागत नसेल तर आधी गव्हाणीतली कुट्टी (यंत्रानं कापलेला चारा) मुठीत घेऊन बघा. भुशासारखी बारीक असेल तर गाय रवंथ कमी करते आणि लाळही कमी; म्हणून यंत्राची पाती बदलून तुकडे लांब करा, कोरडा कडबा वाढवा, आणि पेंड एकदम न ओतता तीन-चार वेळांत विभागून द्या.