फेस आला म्हणजे माती साफ झाली असं नसतं हो

गेले आठ-दहा दिवस आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या शेतकरी ग्रुपवर एकच मेसेज फिरायलाय. मेडिकलमधनं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, त्यात थोडं हिराकस (लोखंडाचा क्षार) घाला, डिझेल-ऑइल सांडलेल्या नाहीतर कारखान्याच्या पाण्यानं खराब झालेल्या जमिनीवर शिंपडा, फेस आला की विष जळालं समजा, शिसं-क्रोमियमसकट सगळं एका रात्रीत साफ, परदेशात सगळे हेच करतात. माझ्या मामांनी हे वाचून दुकानातनं दोन कॅन उचलून आणले, म्हणून लिहायला बसलोय.

परदेशात करतात हे खरं आहे. लोखंड आणि पेरॉक्साइडची ही जोडी हेन्री फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८९४ मध्ये दाखवली, आणि पेट्रोल पंपाची टाकी गळली तर ती आजही वापरतात. पण तिथं आधी बोअर मारून नमुने काढतात, ती माती किती औषध खाते हे लॅबमध्ये बघतात, मग पाइपानं खोलवर सोडतात आणि पुढं महिनोन्‌महिने पाणी तपासतात, कारण चिकण मातीत अडकलेलं तेल परत वर येतं. यातलं काहीच मेसेजमध्ये नाही.

आता फेसाचं. काल संध्याकाळी मी स्वतः करून बघितलं. काचेच्या दोन वाट्या घेतल्या, एकीत मामांच्या शेतातल्या डिझेल पंपाखालची, डिझेलनं काळी पडलेली माती, दुसरीत परसातल्या गुलाबाच्या कुंडीतली शेणखताची माती, जिच्यात तेलाचा थेंब कधी गेला नाही. दोन्हींत झाकणभर पेरॉक्साइड ओतलं. कुंडीतली माती अशी फसफसली की फेस वाटीबाहेर ओट्यावर आला, आणि डिझेलच्या मातीत कडेला चार बुडबुडे, सकाळी वास तसाच! जखमेवर टाकल्यावर फेस येतो ना, तसंच आहे हे. मातीतल्या जिवाणूंत आणि मुळांत एक एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइड फोडून पाणी आणि ऑक्सिजन करतं. म्हणजे फेस जितका जास्त तितकं तुमचं औषध फुकट गेलं, आणि वर गांडुळं, जिवाणू मेले ते वेगळंच.

मापाचं बघू. एक लिटर डिझेल पूर्ण जाळायला कागदावरच्या हिशेबानं साधारण ६ किलो शुद्ध पेरॉक्साइड लागतं, मेडिकलमधलं ६ टक्क्यांचं घेतलं तर १०० लिटर, म्हणजे ४०० मिलीच्या अडीचशे बाटल्या, तेही एक थेंब वाया गेला नाही तर. शिवाय हे मिश्रण चांगलं चालतं ते खूप आंबट मातीत, सामू ३ च्या आसपास असेल तिथं. अथणी-गोकाककडच्या चुनखडीच्या काळ्या रानात ते टिकणारच नाही.

मग कडक ५० टक्केवालं घेऊ म्हणाल तर कृपा करून नको. मामांचे कॅन तेच होते. हाताला लागलं की कातडी पांढरी पडते, बंद कॅनमध्ये हिराकस घातलं तर गॅस साठून कॅन फुटतो, डिझेलच्या मातीवर ओतलं तर माती तापून वाफ पेटू शकते.

पेरॉक्साइड नाही मिळालं तर विहिरीत टाकतो ते लाल औषध टाका, असंही त्या मेसेजमध्ये आहे. हे लाल औषध म्हणजे परमँगनेट, ते कारखान्यातल्या काही सॉल्व्हंटवर चांगलं चालतं, पण पेट्रोलमधल्या बेंझीनला ते जवळपास हात लावत नाही, आणि शेणखताच्या रानात आधी शेणखतच त्याला संपवतं.

सगळ्यात घातक वाक्य म्हणजे शिसं-क्रोमियम जळतं. अहो, तेलात कार्बन आहे म्हणून त्याचा वायू होतो, शिसं हे मूलद्रव्य आहे, त्याचं जळून काय होणार? ते तिथंच राहतं. क्रोमियमची गोष्ट तर उलटीच आहे. मातीत ते बहुतेक वेळा तीनच्या अवस्थेत, म्हणजे कमी विषारी रूपात, मातीला धरून बसलेलं असतं, पेरॉक्साइडसारख्या औषधानं ऑक्सिडेशन केलं की त्यातलं काही सहाच्या अवस्थेत जातं, ते पाण्यात विरघळतं, विहिरीत उतरतं आणि कॅन्सर करतं. म्हणून तमिळनाडूतल्या राणीपेटसारख्या, क्रोमियम कारखान्याचा कचरा साठलेल्या ठिकाणी सहाचं क्रोमियम असेल तिथं उलटा इलाज लागतो, सहाचं परत तीन करायचा. आपल्याकडं प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा देणाऱ्या) कारखान्याचं किंवा नाल्याचं पाणी ज्यांच्या शिवारात शिरतं त्यांनी तर हे मुळीच करू नये.

आणि सॉइल हेल्थ कार्डवर सगळं ठीक आहे म्हणून बिनघोर राहू नका. त्यात १२ गोष्टी बघतात, नत्र, स्फुरद, पालाश, सामू, जस्त वगैरे, शिसं-क्रोमियम त्यात नसतंच. जड धातूंची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते. कारखान्याचं पाणी शेतात येत असेल तर फोटो, तारीख घालून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं आणि तहसीलदारांकडं लेखी द्या आणि पोच घ्या.

मामांच्या पंपाची गळती आधी बंद केली. काळी माती खरवडून ताडपत्रीवर पसरलीय, तिच्यात शेणखत आणि भाताचं तूस मिसळलंय. ओल राखून दर आठवड्याला ती उलटायची, काही महिने लागतील, जिवाणूंनाच ते तेल खाऊ द्यायचं. दोन्ही कॅन आज सकाळी दुकानात परत दिले.