सोनं मोडणाऱ्यावरच खापर का?

भाऊ, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. १९९१ च्या परकीय चलनाच्या संकटाला मी राजीव गांधींना जबाबदार धरलं, अन् 'देशाचं सोनं विकणाऱ्या चंद्रशेखरांना मोकळं सोडलं', हा तुमचा आक्षेप. 'सोनं मोडणारा तो मोडणाराच,' असंही तुम्ही लिहिलंय.

२० टन सोनं मे १९९१ मध्ये स्वित्झर्लंडच्या बँकेला विकलं, तेव्हा चंद्रशेखरच पंतप्रधान होते, मान्य. पण जुलैत ४७ टन सोनं इंग्लंड अन् जपानकडे गहाण गेलं, तेव्हा खुर्चीवर नरसिंह राव होते. त्यांना तर तुम्ही 'तारणहार' म्हणता! चंद्रशेखरांनी मार्चमध्येच राजीनामा दिला होता, मे महिन्यात ते नुसते काळजीवाहू होते, पूर्ण बजेट मांडायचीही सोय नव्हती.

घरचं सांगतो. आमच्या आजोबांनी विहिरीसाठी कर्ज काढलं. तीस हात खणलं, खाली नुसता काळा दगड. पऱ्हाटी कोरडवाहूच राहिली. आजोबा गेले अन् हप्ते बाबांच्या गळ्यात आले. १९८६ च्या उन्हाळ्यात आईची एकदाणी सराफाकडे गेली. तिची रिकामी डबी अन् आतला गुलाबी कागद आईनं कित्येक वर्षं फडताळात जपून ठेवला होता. गावात नाव मात्र बाबांचंच झालं, 'यानं बायकोचं सोनं घालवलं.' विहिरीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

राजीव गांधींकडे लोकसभेत ४०० वर खासदार होते, हातात पाच वर्षं होती. तेवढ्या काळात तूट अन् परदेशी कर्ज दोन्ही वाढू दिलं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं, तेल भडकलं, हे कोणाच्या हातात नव्हतं. पण घरात दाणा असता तर तो एक दुष्काळ निघाला असता. जानेवारी १९९१ ला जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. वसुली शेवटी आमच्याकडूनही झालीच: त्या जुलैच्या बजेटात खत ४० टक्क्यांनी महागलं, ओरड झाल्यावर वाढ ३० वर आली.

आता एक कबुली. मधल्या व्ही. पी. सिंह सरकारनं १९९० मध्ये शेतकऱ्यांचं १० हजारांपर्यंतचं थकीत कर्ज माफ केलं. तिजोरीत खडखडाट असताना! त्यांना मी मूळ लेखात एका ओळीत उरकलं, कारण बाबांची उरलेली थकबाकी त्याच माफीत गेली. मला पकडायचंच होतं, तर भाऊ, इथं पकडायचं होतं.