रोज, पण हळू

अंगठा दुखतोय म्हणून कुणी भेटायला येत नाही. हार्टचं काही निघालं तर घरात सफरचंदांचा ढीग लागतो, पाय मोडला तर शहाळी येतात, साधा मलेरिया झाला तरी मावशी डबा धाडते. पायाच्या अंगठ्याला मात्र "ठेच लागली का?" एवढ्यावर बोळवण. मग मी "नाही, गाऊट आहे" म्हणतो आणि समोरचा "म्हणजे वातच की" म्हणून स्वतःच्या आईच्या गुडघ्यांवर येतो.

ही कळ येते रात्री. झोपताना पाय आपलाच असतो. पहाटे दोनच्या सुमाराला जाग येते तेव्हा अंगठा सासरी रुसून बसलेल्या जावयासारखा झालेला असतो: फुगलेला, लालबुंद, कुणाला जवळ येऊ न देणारा. त्याच्यावर चादर चालत नाही, पंख्याचा वारा चालत नाही. टॉमस सिडनॅम नावाच्या इंग्रज डॉक्टरला स्वतःलाच हा आजार होता. त्यानं १६८३ साली लिहून ठेवलं, की रोग्याला पांघरुणाचं ओझं सोसत नाही आणि खोलीत कुणी चाललं तर त्याचा हादराही सोसत नाही. त्याच्या वरच्या मजल्यावर नीटची तयारी करणारी पोरं भाड्यानं राहत नव्हती, एवढाच काय तो आमच्यात फरक.

आमच्याकडं राहतात. लातुरात ज्याच्याकडं वरचा मजला आहे त्याच्याकडं नीटची पोरं आहेत. सकाळी त्यातलं एक पाणी आलं का विचारायला खाली आलं, माझा पाय बघितला आणि त्याचे डोळे चमकले. "काका, हे आम्हाला आहे! अकरावीच्या बायोलॉजीत. सांध्यात युरिक ॲसिडचे क्रिस्टल साठून सूज येते. एकच ओळ आहे, पण एमसीक्यू पडू शकतो." रात्रभर मी ज्याच्यासाठी देवाचा धावा केला ते सगळं एका ओळीत बसतं, हे ऐकून बरं वाटलं नाही. तेवढ्यात दुसरं आलं. त्यानं सांगितलं की पक्षी युरिक ॲसिडच बाहेर टाकतात. आणि बहुतेक प्राण्यांकडं ते मोडायला युरिकेज नावाचं एन्झाइम असतं, माणसाकडं नाही. म्हणजे दारातलं कुत्रंसुद्धा या बाबतीत माझ्यापेक्षा सुखी.

संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. युरिक ॲसिड ९.२.

"दहापैकी का काका?" पोरांनी विचारलं. या गावात एवढे पडले की पेढे वाटतात. डॉक्टरांना मात्र ६ च्या खाली हवेत. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला मार्क कमी करायला सांगितलं, आणि तेच जमेना.

डॉक्टर माणूस समजावून सांगणारा. रक्तात साधारण ६.८ च्या वर हे ॲसिड गेलं की ते नीट विरघळून राहत नाही, त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक होतात. पायाचा अंगठा शरीराचं गार टोक, म्हणून बहुतेकदा पहिला मान त्याचा. आग आहे तोवर गोळ्या, बर्फाचा शेक, पाय उशीवर आणि पूर्ण आराम. आग उतरली की व्यायाम. पुढं रोजची एक गोळी ठरली, तिची जागा व्यायाम घेत नाही, हेही त्यांनी दोनदा बजावलं.

"चाला, सायकल चालवा, पोहा. रोज, पण हळू. जिममध्ये जाऊन वजनं उचलायची नाहीत. एकदम जोर लावला, घाम गाळून पाणी कमी पडलं, तर युरिक ॲसिड उलटं वाढतं. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी प्या."

पोहा! पाणी प्या! एप्रिल २०१६ मध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावातल्या माणसाला. त्या उन्हाळ्यात आम्ही आंघोळीचं पाणी बादलीत धरून झाडांना घालत होतो. पोहण्याला मी नम्रपणे नकार दिला. पिण्याचं कबूल केलं.

खरा व्यायाम झाला तो लोकांचं ऐकून घेण्याचा. आमच्याकडं सल्ला देणाऱ्याला आजार नेमका कुठल्या टप्प्यावर आहे याच्याशी देणंघेणं नसतं. अंगठा पेटलेला होता, जमिनीला टेकवत नव्हता, तेव्हा शेजारचे तात्या दारात उभे राहून म्हणत होते, "पडून काय राहिलाव? उठा, चाला, चालून चालून मोकळं होईल ते." पुढं सूज उतरली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, मी बूट घालून फाटकाबाहेर पडलो, तर तेच तात्या, "अहो, आत्ता कुठं बरं वाटायलंय, कामून पाय झिजवायलाव? पडून राहा की." दोन्ही सल्ले बरोबर होते. फक्त वेळापत्रक उलटं होतं.

उपवासाचंही तेच. वजन हळूहळू उतरलं तर चांगलं, पण कडक उपास काढले तर हे ॲसिड वाढतं. ही गोष्ट मी घरात सांगितली त्या दिवशी नेमकी एकादशी होती. "देवाचं काही करायचं म्हटलं की बरे आजार आठवतात तुम्हाला," असा निकाल लागला. मी साबुदाणा खाल्ला, पोटभर खाल्ला. ते मात्र कुणाला आवडलं नाही.

हळू चालणं ही आमच्या भागात संशयाची गोष्ट आहे. क्रीडा संकुलात पहाटे लोक झपाझप चालतात, हात पुढं-मागं फेकत, सोयाबीनचा भाव आणि जावयाची बदली यावर मोठ्यानं बोलत. त्यांच्यात मी एकटा रमतगमत. पहिल्या आठवड्यात निदान अर्ध्या मैदानानं विचारलं असेल, "सर, काही हरवलं का?" काठी टेकत येणारे एक आजोबा मला मागं टाकून गेले आणि पुढं जाऊन वळून बघत राहिले, मी येतो की नाही ते. एकानं तर खिशातून मोबाइल काढून माझ्यासाठी टॉर्च लावली.

शिवाय या झपाझप मंडळींचा व्यायाम मैदानावर संपत नाही. तो सुशीलेच्या गाड्यावर संपतो. सुशीला म्हणजे भिजवलेले मुरमुरे, शेंगदाण्याचा कूट, तळलेली मिरची, वरून फरसाण. उन्हाळा लागला की पुढं रसवंती. "ऊस आहे, साखर थोडीच आहे?" असं म्हणत मोठा ग्लास. डॉक्टरांनी गोड पेयांवर काट मारलेली, कारण त्यातलं फ्रुक्टोज युरिक ॲसिड वाढवतं. हे सांगायला गेलो तर मंडळी म्हणाली, "सर, तुम्ही चालता हळू अन् बोलता लई."

घरातले व्यायाम त्यापेक्षा शांततेत होतात. खुर्चीत बसायचं, पाय उचलायचा आणि अंगठ्यानं हवेत अक्षरं काढायची, म्हणजे घोटा सगळ्या बाजूंनी फिरतो. मी बाराखडी घेतली. 'ग' आणि 'म' सरळ, काही त्रास नाही. 'ळ' काढताना घोटा अगदी लोण्यात फिरल्यागत फिरतो. 'क्ष'ला बारीक कळ येते. 'ज्ञ' अजून जमलेला नाही, पण तो मला वहीतही जमत नव्हता. मग जमिनीवर नॅपकिन टाकून पायाच्या बोटांनी गोळा करायचा. एकदा ही चहा घेऊन आली, दारातच थबकली. "अहो, कपडे उचलायला हात नाहीत का?" तेव्हापासून माझे वाळलेले कपडे दोरीवरून खुर्चीपुढं, थेट जमिनीवर येऊन पडतात.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सासुरवाडीच्या शेतात गेलो. औशाकडं. कडब्याची कोप, आत पांडव म्हणून मांडलेले पाच दगड, मडक्यात ताकाची आंबील आणि शेंगा-भाज्यांची पातेलंभर भज्जी. वाढायला बसलेल्या मावशीनं माझ्या ताटावरचा हात आवरला, "तुम्हाला वाटाणा, हरभरा, तूर, काहीच चालत नाही म्हणं." मी डॉक्टरांची शपथ घेऊन सांगितलं की मटणातलं, कलेजीतलं प्युरीन, म्हणजे ज्याचं पुढं युरिक ॲसिड होतं ते, नडतं, डाळी-शेंगांतलं तसं नडत नाही. आंबिलीत तर ताकच आहे, ते चांगलंच. मावशीला पटलं नाही, पण वाढलं. मी दोनदा घेतलं.

जेवण झाल्यावर माझं रोजचं चालणं राहिलं होतं. गाव दीड-दोन किलोमीटर. मी बांधाच्या कडेनं निघालो तसा मेहुणा मोटरसायकल घेऊन मागं आला. "दाजी, बसा की मागं. लोक काय म्हणतील, जावयाला पायी धाडलं." मी नको म्हटलं. तो गेला नाही. पहिल्या गिअरमध्ये, माझ्या बरोबरीनं, एक पाय जमिनीला घासत तो गाडी चालवत राहिला आणि व्यायामाचं महत्त्व सांगत राहिला. म्हणाला, रोज पळायला पाहिजे दाजी. घाम निघाला पाहिजे. तुमच्यासारखं चालून काय होतंय? मी बाटलीतलं पाणी प्यायलो आणि चालत राहिलो. समोरून बैलगाडी आली, ती आम्हाला वाट द्यायला थांबली, आम्ही काही लवकर पुढं सरकेना, शेवटी तीच शेतातून वळून निघून गेली.

गाव दिसायला लागलं आणि मोटरसायकल खोकली, दोन आचके दिले, बंद पडली. त्यानं टाकी हलवून बघितली. कोरडी ठक्क. पंप फाट्यावर, गावाच्या पलीकडं.

"दाजी," त्याचा आवाज एकदम मऊ झाला, "मागून जरा धक्का देताव का?"

"जोर लावायचा व्यायाम मला मना आहे," मी म्हणालो. "तू ढकल. घाम निघाला पाहिजे."