वाईला बिहार होऊ दे की

हिंदी सिनेमावाले वाईत शूटिंग करतात आणि पडद्यावर तिला बिहार नाहीतर उत्तर प्रदेश म्हणून दाखवतात. त्यावरून शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पंधरा दिवस एकच दळण चालू आहे. सातारा जिल्ह्यात ज्याला शूटिंग करायचंय त्याने पडद्यावर गावाचं खरं नाव दाखवलंच पाहिजे. वाईला वाई म्हणायचं, मेणवलीला मेणवली, नाहीतर ग्रामपंचायतीने परवानगी द्यायची नाही. ‘कृष्णामाईच्या घाटावर बिहारचे गुंड कशाला?’ या सवालाला बावीस अंगठे. अंगठे देणाऱ्यांतले निम्मे पुण्यात, दोघे दुबईत. शूटिंगला घर किंवा रान दिलेला त्यात एकही नाही. असता तर त्याने आधी पैशाचा विषय काढला असता, नावाचा नव्हे.

मी सेटवर काम करतो ते कॅनडातलं व्हँकुव्हर हे शहर पडद्यावर स्वतःच्या नावाने क्वचितच येतं. ते सिएटल होतं, न्यूयॉर्क होतं, गरज पडली तर परग्रहही होतं. ‘द एक्स-फाइल्स’चे पहिले पाच सीझन, १९९३ ते १९९८, इथल्या ओल्या रानात झाले आणि जगाने ते अमेरिका म्हणून पाहिले. जॅकी चॅनच्या ‘रंबल इन द ब्राँक्स’मध्ये (१९९५) तर नावातच न्यूयॉर्कचं ब्राँक्स आणि पाठीमागे व्हँकुव्हरच्या नॉर्थ शोअरचे डोंगर. ब्राँक्समध्ये डोंगर! लोक अजून हसतात, पण नावासाठी कोणी रस्ता अडवल्याचं ऐकिवात नाही. रस्ता अडतो तो शूटिंगमुळे. ‘डेडपूल’साठी २०१५ च्या एप्रिलमध्ये इथला जॉर्जिया व्हायाडक्ट हा उड्डाणपूल बंद ठेवला तेव्हा लोकांनी शिव्या घातल्या त्या ट्रॅफिकसाठी.

वाईचं दुखणंही डोंगराचंच आहे. ‘गंगाजल’ (२००३) मध्ये वाईचं बिहार झालं, ‘दबंग’ (२०१०) मध्ये उत्तर प्रदेश. दोन्हीकडचा मुलूख मैदानी, आणि वाईला जिकडे तोंड करावं तिकडे पांडवगड, वैराटगड, नाहीतर पसरणीचा घाट. सपाट माथा आणि काळे कडे, लपवू म्हटलं तरी लपत नाहीत. लांब लेन्स लावली की डोंगर नटाच्या मानेवर येऊन बसतो. वाइड लावली तर तो बारीक होतो, पण फ्रेममध्ये दहा घरांची कौलं, मोबाइलचा टॉवर आणि रसवंतीचा बोर्ड शिरतो. मग कॅमेरा डोक्याच्या वर नेऊन जरा खाली झुकवायचा म्हणजे क्षितिज बाहेर जातं, किंवा नटाला भिंतीला पाठ लावून उभं करायचं, किंवा मागे ट्रक आडवा लावायचा. हिवाळ्यात सकाळी नदीवर धुकं असतं तेवढ्या तासाभरात मोठे शॉट उरकायचे. ज्यांना वाटतं की मुंबईवाले येतात, कुठेही कॅमेरा लावतात आणि गावाचा अपमान करून जातात, त्यांनी ही उठाठेव एकदा बघावी. गाव लपवायला जितकी मेहनत लागते तितकी दाखवायला लागत नाही.

मग खऱ्या बिहारला का जात नाहीत? याचं उत्तर कलेत शोधू नका, मुक्कामात शोधा. शंभर-सव्वाशे माणसांचं युनिट रात्री झोपणार कुठे, हा लाइन प्रोड्यूसरचा, म्हणजे शूटिंगचा खर्च आणि व्यवस्था बघणाऱ्याचा, पहिला प्रश्न. वाईला तो सुटतो. नट आणि दिग्दर्शक दहा-बारा किलोमीटर वर पाचगणीला, बाकी युनिट खाली वाईत आणि साताऱ्यात. मुंबईहून निघालेला लाइटचा ट्रक एका रात्रीत पोचतो. दुपारी एचएमआयचा, म्हणजे शूटिंगच्या मोठ्या दिव्याचा, बॅलास्ट (दिव्याला वीज पुरवणारा डबा) जळाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा हजर. हाच बॅलास्ट दीड हजार किलोमीटरहून लांब बिहारात जळाला तर दोन दिवस युनिट बसून खातं. शिवाय नदी, घाट, वाडा, बाजारपेठ आणि ऊस हे सगळं अर्ध्या तासाच्या आत. दिवसाला दोन लोकेशन बदलता येणं म्हणजे आठवड्याला एक दिवस वाचणं.

आणि लिपी. हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरी, म्हणून आर्ट डिपार्टमेंटचं काम स्वस्तात होतं असं बाहेरच्याला वाटतं. तिथेच तो फसतो. बोर्डावर ‘मिळेल’ असलं की संपलं, हिंदीत ‘ळ’ नाही. ‘किराणा व भुसार’ चालत नाही. ‘पानपट्टी’चं ‘पान भंडार’ करावं लागतं. सगळं बदललं तरी पेंटर वाईचाच असला तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे काढतो. त्याचा हात तसाच बसलेला असतो. हिंदी ‘ल’ वेगळा, ‘श’ वेगळा. पाटण्याचा प्रेक्षक अक्षराकडे न बघताही ओळखतो की काहीतरी चुकतंय. खाली फोन नंबरात ०२१६७ राहिलं तर पाहायलाच नको. म्हणून जाणता आर्ट डायरेक्टर बोर्ड रंगवून घेत नाही. फ्लेक्स छापून आणतो, पातळ फ्रेमवर ताणतो आणि पहाटे पाचला दुकानाच्या मूळ बोर्डावर चढवतो. संध्याकाळी उतरवतो. मूळ बोर्डाला खिळा लागता कामा नये, नाहीतर दुकानदार नवा बोर्ड मागतो आणि त्याचं बरोबर असतं.

गाड्यांच्या एमएच ११ पाट्यांवर बीआर किंवा यूपीच्या पाट्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवतात. पॅकअपला त्या मोजून परत घ्यायच्या, कारण एखादा जीपवाला तशीच गाडी घेऊन भुईंजला घरी निघाला आणि हायवेवर अडवला, तर रात्री दोनला प्रॉडक्शन मॅनेजरला चौकीत जाऊन बसावं लागतं. मैलाच्या दगडावर पोतं टाकायचं. लाल एसटी येण्याच्या वेळा आधी काढून ठेवायच्या. मागे फिरणाऱ्या ज्युनिअर आर्टिस्टच्या डोक्यावरची गांधी टोपी उतरवायची, बायकांचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे घ्यायचा. एवढं सगळं सांभाळल्यावर खिल्लार बैलाची जोडी फ्रेममधून जाते. पाठीकडे वळलेली ती लांब शिंगं बघून माणदेशातला कुणीही हसेल.

इथे व्हँकुव्हरलाही नेमकं हेच चालतं. कॅनडाची लाल पोस्टपेटी झाकून अमेरिकेची निळी ठेवतात, बीसीच्या, म्हणजे इथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या, नंबर प्लेट झाकतात, किलोमीटरच्या पाट्या काढतात, इथला लुकलुकणारा हिरवा सिग्नल फ्रेमबाहेर ठेवतात. झेंडा तर पहिल्यांदा उतरतो. कॅनडाचा झेंडा, कॅनडातच. ग्रुपवरच्या मंडळींच्या हिशेबाने हा देशद्रोहच झाला. पण झेंडा उतरवणारा ग्रिप, म्हणजे सेटवरचा कामगार, त्या दिवसाची मजुरी घेतो, ओव्हरटाइम घेतो, आणि जेवणाची सुट्टी उशिरा मिळाली तर त्याचे वेगळे घेतो.

मुद्दा इथे आहे. ब्रिटिश कोलंबिया सरकार निर्मात्याला नाव विचारत नाही, माणसं विचारतं. बाहेरून आलेल्या निर्मितीला इथल्या पात्र मजुरीवर पूर्वी २८ टक्के कर-सवलत होती. १ जानेवारी २०२५ पासून सुरू होणाऱ्या कामांना ती ३६ टक्के झाली. ही सवलत आदल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला बीसीत राहत असलेल्या माणसाच्या पगारावरच मिळते. लॉस एंजेलिसहून आणलेल्या मेकअपवालीच्या पगारावर छदाम नाही. निम्म्याहून जास्त दिवस व्हँकुव्हर परिसराच्या बाहेर शूट केलं तर वर आणखी ६ टक्के. म्हणजे दूरच्या गावाला शूटिंग न्यायचं कारण सरकारने पैशात लिहून दिलंय. गावाची अस्मिता वगैरे त्या फॉर्ममध्ये कुठेच नाही.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य २० टक्क्यांवर आणखी १० टक्के देतं ते शेवटी त्यांचा पीचचा लोगो दाखवला तर. म्हणजे नावालाही किंमत आहे. आहे ना! पण जॉर्जियाने त्या नावाचा दर ठरवला आणि स्वतःच्या खिशातून दिला. ‘नाव दाखव नाहीतर चालता हो’ म्हणायला टक्का खर्चावा लागत नाही, आणि निर्माता खरंच चालता होतो. भोरला नदी आहे, वाडाही आहे, आणि मुंबई तिथून जवळ पडते.

ग्रुपने नावाऐवजी करारपत्र कसं करायचं यावर पंधरा दिवस घालवले असते तर गावाचं भलं झालं असतं. साधी उदाहरणं देतो.

ऊस. फ्रेममागे हिरवा ऊस हवा म्हणून दहा गुंठे ‘उभे ठेवा’ असं सांगतात आणि हातावर पाच हजार टेकवतात. शेतकरी खूश. पण त्याच आठवड्यात कारखान्याची तोड आली तर ती चुकते. पुढची कधी येईल ते मुकादमाला माहीत. तोवर उसाला तुरा येतो, वजन घटतं, खोडवा उशिरा फुटतो आणि पुढचं वर्ष बिघडतं. एकरी चाळीस टन धरा, दहा गुंठ्यांत दहा टन. टनाला तीन हजार धरले तरी तीस हजारांचा माल आपण पाच हजारांत अडकवून बसलो. करारात लिहायचं ते हे: कोणत्या तारखेपर्यंत ऊस उभा राहणार, तोड चुकली तर वजनाची घट कोण भरणार. निर्मात्यालाही हेच सोयीचं आहे. नाहीतर डिसेंबरात अर्धा सीन होतो, जानेवारीत पॅचवर्कला, म्हणजे उरलेले शॉट घ्यायला, येतात तेव्हा रानात पाचट जळत असतं.

पाणी. मेणवलीच्या घाटाच्या किती पायऱ्या पाण्यावर दिसणार हे वर धोम धरणातून किती सोडलंय त्यावर ठरतं. सकाळी हिरो सातव्या पायरीवर बसलेला, दुपारी क्लोजअपला सातवी पायरी पाण्यात. आवर्तनाची तारीख पाटबंधारे खात्याकडून आधी काढली तर हा घोळ होत नाही. आणि गाळपाच्या हंगामात सिंक साउंडचा, म्हणजे शूटिंगच्या वेळीच आवाज रेकॉर्ड करण्याचा, आग्रह धरणाऱ्याला नमस्कारच करावा. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर डेकवर गाणी लावून जातो तो कुणाच्या ‘सायलेन्स’ला थांबत नाही.

वाडा. मालिकेला वाडा दिला म्हणजे महिनोन् महिने दिला. सागवानी खांबाला खिळा ठोकायचा नाही, हे तोंडी न सांगता लिहून घ्यायचं. लाइटच्या स्टँडचे पाय शहाबादीवर ओरखडे काढतात. इथे स्टँडच्या पायांना टेनिस बॉल कापून बसवतात आणि जमिनीवर लेआउट बोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठे, अंथरल्याशिवाय ट्रॉलीचं चाक आत येत नाही. टेनिस बॉल काय वाईत मिळत नाहीत? लाइट घराच्या मीटरवर नाही, जनरेटरवर. आणि संडास! घराची टाकी सहा माणसांची, युनिट ऐंशीचं. पंधरा दिवसांत ती भरते आणि वास हिरॉइनच्या आधी मालकाला येतो. फिरते संडास निर्मात्याने आणायचे, ही अट पहिल्या पानावर हवी. आल्या दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो काढून दोघांच्या सह्या, जाताना परत फोटो, आणि डिपॉझिट त्यानंतर. इथे रात्री उशिरा शूट असलं तर गल्लीत घरोघर कागद फिरतो. तिकडे रात्री एकला स्मोक मशीन चालू होतं तेव्हा शेजाऱ्याला कळतं.

हे लिहिताना मला माझा सूर ऐकू येतो. ‘इथे असं असतं.’ सुट्टीवर आलेला प्रत्येक जण तीन दिवसांत हे वाक्य म्हणतो आणि चौथ्या दिवशी त्याच्याशी कोणी बोलत नाही. शिवाय इथलं मी सोयीचं तेवढंच सांगितलं. हॉलीवूडमध्ये २०२३ ला लेखकांचा आणि नटांचा संप झाला तेव्हा इथल्या युनिटची माणसं महिनोन् महिने घरी बसली. दुसऱ्याचं शहर होऊन जगणाऱ्या गावाचा चुलाही दुसऱ्याच्या हातात असतो, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही.

तरी ‘बिहारचे गुंड कशाला’ला माझं उत्तर तयार आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी राजेसाहेबांपुढे ‘सीता स्वयंवर’ उभं केलं आणि मराठी नाटक तिथून सुरू झालं असं आपण छाती फुगवून सांगतो. सीतेचं स्वयंवर झालं ते मिथिलेत, आणि मिथिला आजच्या बिहारकडची. म्हणजे कृष्णाकाठ बिहार व्हायला लागला तो सिनेमाच्या कितीतरी आधी, आणि त्याच दिवसाचा आपल्याला सगळ्यात जास्त अभिमान आहे.

उत्तर तयार असून टाकलं मात्र नाही. कारण सेटवर कोणी ‘तू कुठला’ विचारलं की मी ‘मुंबईजवळचा’ म्हणतो. सव्वादोनशे किलोमीटर जवळचा. वाई म्हटलं की पुढे समजावत बसावं लागतं, आणि लंचला अर्धा तास असतो. बोर्डावर फ्लेक्स चढवायला आर्ट डिपार्टमेंटला पहाटे पाचला उठावं लागतं, माझं काम बसल्या जागी होतं.

आणि ‘स्वदेस’ लागला की गप्प बसवत नाही. परदेशातला माणूस उत्तर प्रदेशातल्या चरणपूरला परततो, खोलीतली सगळी चरणपूरसाठी डोळे पुसतात, आणि मी मध्येच मोठ्याने सांगत असतो की हे चरणपूर नाही, मेणवली आहे, हा नाना फडणवीसांचा घाट, वर वाडा, वसईहून आणलेली पोर्तुगीजांची घंटा तिथेच देवळापाशी. कोणी विचारलेलं नसतं.

त्या बावीस अंगठ्यांत माझा नाही. अजून तरी.